भुकेची वेळ आणि रस्त्याची बाजू

(नाशिकमध्ये हॉटेल व्यवसायात नव्याने उतरणाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘नवीन हॉटेलसाठी वस्ती कशी निवडावी’. त्याच्या सहा कसोट्या मी लिहून आणल्यात, त्या सांगतोच. पण त्याआधी मी कुठून बोलतोय ते सांगू द्या. माझं हॉटेल नाही. माझं दुकान भट्ट्या, डोसा तवे, डीप फ्रीजर, स्टीलची टेबलं यांचं आहे. नवा माल विकतो आणि जुना विकत घेतो. त्यामुळे कुठलं हॉटेल उघडणार हे मला पाटी लागायच्या आधी कळतं आणि कुठलं बंद होणार हेही पाटी उतरायच्या आधी कळतं. नवी भट्टी घ्यायला येणारी मंडळी तासभर बोलतात. मेनू, भिंतींचा रंग, नाव काय ठेवायचं, सगळं सांगतात. तीच भट्टी विकायला येतात तेव्हा एवढंच म्हणतात, “पदार्थ चांगले होते हो, पण चाललं नाही.” आणि पदार्थ खरंच चांगले असतात, मी खाल्लेले असतात. मग चालत का नाही, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून आज उभा आहे.

एका जोडप्याची गोष्ट सांगतो. गंगापूर रोडला, जेहान सर्कलच्या पुढे त्यांनी थाळीचं हॉटेल काढलं होतं. बाईंच्या हाताला चव अशी की डाळ-भात खाऊनही माणूस तृप्त व्हावा. भाकरी समोर थापून गरम द्यायच्या. जागा रुंद, काचेची, नवी इमारत. दलालाने त्यांना जागा दाखवली ती सकाळी दहाला. रस्ता भरून वाहत होता. दलाल म्हणाला, “साहेब, ही वर्दळ बघा.” त्यांनी बघितली आणि डिपॉझिट दिलं.

आता डोळ्यांसमोर रस्ता आणा. आपण सगळे रोज तिथून जातो. सकाळी आनंदवली, गंगापूर, सोमेश्वरकडची माणसं शहराकडे येतात. अशोकस्तंभाकडे तोंड करून गाड्या धावत असतात. सगळे डावीकडून चालणार, म्हणजे ही गर्दी रस्त्याच्या उत्तर बाजूला. आमच्या जोडप्याचं हॉटेल याच बाजूला होतं. पण सकाळी दहाला थाळी कोण खाणार? ऑफिस गाठायचंय, मुलाला शाळेत सोडायचंय. रात्री आठला हीच माणसं घरी परततात, भूक लागलेली असते, घरी स्वयंपाकाचा कंटाळा असतो, खिशात पैसे असतात. त्या वेळी ती दक्षिण बाजूने जात असतात. मध्ये दुभाजक. समोरची पाटी दिसते, पण सिग्नलपर्यंत जाऊन वळसा घ्यायचा, मग पार्किंग शोधायचं, जेवून पुन्हा घराकडे तोंड करायला दुसरा वळसा. एवढं कुणी करत नाही. मुलं मागच्या सीटवर पेंगुळलेली असतात हो!

त्या भल्या माणसाने पाटी मोठी केली. दिवे वाढवले. पत्रकं वाटली. घरपोच सुरू केलं, तर कमिशन जाऊन हातात काही उरेना. त्यांना वाटत राहिलं की आपल्या पदार्थात काही कमी आहे. बाईंनी तीनदा मेनू बदलला. मला सर्वांत वाईट वाटतं ते याचं. चूक दुभाजकाची आणि ती बाई आमटीत मीठ कमी-जास्त करत बसली होती. लॉक-इन, म्हणजे करारातली जागा सोडता न येण्याची मुदत, संपायच्या आत बंद केलं, तेव्हा उरलेल्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापलं गेलं. भट्टी माझ्याकडे आली. समोरच्या बाजूला थोडं पुढे एक साधं पोळी-भाजी केंद्र आहे. संध्याकाळी सहा ते नऊ चालतं. आत बसायला जागा नाही, पण दुचाकीवरून न उतरता पार्सल घेता येतं. ते अजून सुरू आहे.

म्हणून मी सांगत असतो की न्याहारीचं हॉटेल कामाला जाण्याच्या बाजूला आणि रात्रीच्या जेवणाचं घरी येण्याच्या बाजूला हवं. जागेसमोर उभं राहायचं ते दलालाच्या वेळेला नाही, तुमच्या गिऱ्हाइकाला भूक लागते त्या वेळेला. थाळी विकणार असाल तर रात्री आठला जा. पोहे विकणार असाल तर सकाळी सातला. तासभर उभे राहा आणि माणसं मोजा, गाड्या मोजू नका. त्यातली थांबण्याच्या मनःस्थितीत किती आहेत, तेही बघा.

नाशिकमध्ये तर हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्या प्रत्येक भागाचं घड्याळ वेगळं आहे. सातपूर, अंबडला शिफ्ट सुटते तेव्हा भूक लागते आणि औद्योगिक वसाहतीची सुट्टी शनिवारी. तुम्ही कॉलेज रोडच्या हिशोबाने शनिवारची तयारी जास्त केलीत तर भाजी उरणार. नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास मुंबईला माणसं नेते आणि रात्री थकलेली परत आणते. त्यांना सकाळी दोन मिनिटांत हातात पडेल असं काही हवं असतं आणि रात्री घर. पंचवटीत, रामकुंडाच्या बाजूला यात्रेकरू पहाटेपासून असतात. स्नान, काळाराम, सीतागुंफा झालं की भूक. त्यांना कांदा-लसूण नसलेलं, उपवासाचं चालतं आणि दुपारपर्यंत बरेचसे त्र्यंबकला किंवा शिर्डीला निघालेले असतात. मुंबई नाक्याच्या परिसरात दवाखाने आहेत. तिथे रुग्णाच्या नातेवाइकाला रात्री अकरालाही मऊ खिचडी लागते आणि त्या वेळी ती देणारे फार थोडे आहेत. कुणाला धंदा करायचा असेल तर ही कल्पना घ्या. पुण्यही लागेल.

कुणीतरी हात वर केलाय. बरोबर, मिसळ! “मग मिसळवाले गावाबाहेर कसे चालतात?” चांगला प्रश्न आहे. रविवारी सकाळी आपण घरचे सगळे, पाहुण्यांसकट, मखमलाबादकडे नाहीतर गंगापूर धरणाच्या वाटेला निघतो. तिथे द्राक्षबागेशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही, शेवटी जिलबी. मुलांना झोका असतो, गाडी लावायला शेत मोकळं असतं. तिथे माणूस रस्त्यात भेटलं म्हणून खात नाही, खायला म्हणूनच निघतो. त्याला वळशाचं काही वाटत नाही. पण मिसळवाल्याचं गणित बघा. गर्दी मुख्यतः सुट्टीच्या दिवशी आणि तीही दुपारी दोनपर्यंत. जागा भाड्याची असेल तर भाडं मात्र महिन्याचं द्यावं लागतं. त्यांना परवडतं कारण जमीन बहुतेक वेळा घरचीच असते. तुम्ही शहरात लाखाच्या भाड्याने जागा घेऊन सकाळची मिसळच विकणार असाल, तर दिवसाचे उरलेले तास काय करणार ते आधी ठरवा.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. कसोट्या राहिल्यात सगळ्या! भरभर सांगतो, लिहून घ्या.

भाड्याचं गणित आधी. माझ्या मते भाडं गल्ल्याच्या दहा-बारा टक्क्यांच्या वर जाऊ नये. साठ हजार भाडं असेल तर महिन्याला सहा लाखांचा गल्ला हवा, म्हणजे रोज वीस हजार. अडीचशेची थाळी धरली तर रोज ८० पानं उठली पाहिजेत, मंगळवारीही आणि श्रावणातही. त्या वस्तीत ती ८० माणसं कोण, हे बोटाने दाखवता आलं पाहिजे. आणि जीएसटी विसरू नका. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के कर आहे, पण इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणजे खरेदीवर आणि भाड्यावर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. जागेच्या भाड्यावर १८ टक्के लागला तर तो तुमच्या खिशातून जातो. लाखाचं भाडं मग एक लाख अठरा हजार होतं. दलाल हे सांगत नाही.

दुसरं, धूर. हा माझा रोजचा विषय आहे, पण आवरतो. तळमजल्यावर गाळा आणि वर सात मजले फ्लॅट, अशा इमारतीत चिमणीचा डक्ट गच्चीपर्यंत न्यायला परवानगी आहे का, हे सोसायटीकडून लेखी घ्या. फोडणीचा वास तिसऱ्या मजल्यावर गेला की भांडण ठरलेलं. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा असतो, तो ठेवायला बाहेर हवेशीर जागा लागते. थ्री फेज वीज, मंजूर भार, ग्रीस ट्रॅप म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी, सांडपाण्याची लाइन हे सगळं बघा. उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे शेजारच्या दुकानदाराला विचारा, मालकाला नको.

तिसरं, आजूबाजूला खाण्याची दुकानं असतील तर घाबरू नका. जिथे चार गाडे लागतात तिथे लोक खायलाच येतात. फक्त तिथे नसलेलं काहीतरी द्या. सिडकोत खानदेशातून आलेली पुष्कळ घरं आहेत. भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी यांची पारख तिथे आहे, त्यामुळे तिथे कच्चं काम चालणार नाही आणि पक्कं काम मात्र तोंडोतोंडी पसरेल. हीच भाकरी कॉलेज रोडला क्लास सुटल्यावरच्या मुलांना विकायला जाल, तर ती मुलं शंभर रुपयांत दोन तास बसायला जागा शोधत असतात.

चौथं, कायदा. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी घातली. १ एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली आणि महामार्गाकाठचे बार एका रात्रीत अडचणीत आले. शहरांच्या हद्दीत ही बंदी नाही असा खुलासा जुलैत आला, पण मधल्या महिन्यांचं भाडं कुणी माफ करत नाही. ज्या जागेचा सगळा धंदा एकाच परवान्यावर उभा आहे, तिथे हातात शिल्लक जास्त ठेवा.

पाचवं, रस्ता उद्या कसा असेल. उड्डाणपूल झाला की लांबची गाडी वरून जाते, खाली सर्व्हिस रोडला उतरत नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून मुंबईकडचा टप्पा खुला झाला. घाटातल्या थांब्यांवर जगणाऱ्यांनी याचा विचार केलाच असेल.

सहावं आणि शेवटचं, कारण हे आत्ता रोज विचारलं जातंय. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण आहे आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानं, म्हणजे पूर्वीची शाही स्नानं. पंचवटीत, तपोवनाच्या बाजूला मागतील ते भाडं देऊन लोक गाळे घ्यायला निघालेत. मी हात जोडून सांगतो, २०१५ आठवा. २९ ऑगस्टला पहिलं शाही स्नान होतं. बंदोबस्तामुळे गाड्या लांब थांबवल्या आणि माणसं मैलोन्‌मैल चालत होती. गर्दी कुठून जाणार हे तुमचा नकाशा ठरवत नाही, पोलिसांचे बॅरिकेड ठरवतात. तुमच्या दारातूनच रस्ता बंद झाला तर? शिवाय आखाड्यांची अन्नछत्रं असतात, तिथे पंगती उठतात. सिंहस्थासाठी धंदा करायचा तर हलता करा, डबे करा, पाकिटं करा. तीन वर्षांचा लॉक-इन त्या गर्दीकडे बघून करू नका. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृत हवा आणि त्यातला लॉक-इन फक्त तुम्हालाच बांधतो की मालकालाही, हे कलम सही करण्याआधी वकिलाकडून वाचून घ्या. मी पाहिलेल्या बऱ्याच करारांत तो फक्त भाडेकरूला बांधणारा होता.

वेळ संपली. कुणाला आपली जागा नकाशावर दाखवायची असेल त्यांनी खाली या, मी थांबतोय.