गल्लीनं उभा केलेला मनोरा

मंडळी, जपानला जाऊन आलो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘टोकियो टॉवर पाहिलात का?’ पाहिला. ३३३ मीटर उंच आहे, फोटो झकास येतात. पण आज मी त्याच्या थोरल्या आणि ठेंगण्या भावाबद्दल बोलणार आहे. ‘भाऊ’ हा शब्द माझ्या पदरचा नाही. ताचू नाइतो या अभियंत्यानं १९५४ ते १९६४ या काळात सहा मनोरे रचले, त्यांना जपानी लोक ‘सहा भाऊ’च म्हणतात. नागोयाचा पहिला. दुसरा ओसाकाचा, त्सुतेनकाकु. नावाचा अर्थ आकाशाला भिडणारा मनोरा, आणि उंची १०८ मीटर! जवळच २०१४ साली ३०० मीटरची इमारत झालीय. तिच्या गच्चीवरून हा मनोरा खेळण्यातला वाटतो.

मुळातला मनोरा १९१२चा. १९०३ साली जिथं मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं, त्या जागेवर शिन्सेकाई, म्हणजे ‘नवं जग’, नावाची वस्ती वसवली. मधोमध मनोरा, शेजारी लूना पार्क नावाची करमणुकीची बाग, दोघांना जोडणारा रोपवे. मनोऱ्याचा खालचा भाग पॅरिसच्या विजयकमानीसारखा, वरचा आयफेलसारखा. सगळं पॅरिस एकाच खांबावर उरकलं म्हणा ना! १९४३ साली पायथ्याच्या सिनेमागृहाला आग लागली, मनोरा भाजून निघाला. युद्ध चालू होतं, लोखंड हवंच होतं. दुरुस्तीच्या फंदात न पडता तो उतरवला आणि सुमारे ३०० टन लोखंड युद्धासाठी गेलं. दोन वर्षांनी बॉम्बहल्ल्यांत वस्तीही जळाली.

मला खरं सांगायचंय ते यापुढचं. नवा मनोरा सरकारनं बांधला नाही. तिथल्या रहिवाशांनी आणि दुकानदारांनी कंपनी काढली, भांडवल गोळा केलं. ज्यांची स्वतःची घरं नुकती उभी राहत होती, ती ही माणसं. आपल्याकडे मंडपासाठी वर्गणी निघते; इथं निघाली ती पोलादी मनोऱ्यासाठी. जुन्या जागी तोवर घरं झाली होती, म्हणून जरा उत्तरेला सरकून तो बांधला. २८ ऑक्टोबर १९५६ला खुला झाला. पुढच्याच वर्षी अंगावर हिताचीची भलीमोठी निऑन जाहिरात चढली. काही जण नाकं मुरडतात. मी नाही मुरडत. गल्लीच्या मनोऱ्यालाही महिन्याचा खर्च असतोच की.

नाइतो तेव्हा सत्तरीचे होते. माझी सारी नोकरी लोखंडी बांधकामात गेली, त्यामुळे या माणसाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. तरुणपणी अमेरिकेच्या प्रवासात सामान मावेना, म्हणून त्यांनी ट्रंकेतल्या आडव्या-उभ्या फळ्या काढून टाकल्या. ट्रंक वाटेत चेपली. फळ्या असताना तीच ट्रंक धक्के खाऊन शाबूत राहिली होती! तिथून त्यांनी इमारतीच्या पोटात भक्कम भिंती घालायचा विचार पक्का केला. त्यांच्या हिशेबानं बांधलेली टोकियोतली एक बँक १९२३च्या महाभूकंपात टिकली. वर्गात मी हे आकृत्या काढून शिकलो. ट्रंकेची गोष्ट आधी कुणी सांगितली असती, तर एक परीक्षा वाचली असती.

त्सुतेनकाकुलाही २०१५ साली भूकंपाचे धक्के गिळणारे थर बसवले. मी वर गेलो तेव्हा वारा होता, पण पायाखाली काहीच जाणवलं नाही. शहर न्याहाळायचा मुख्य मजला ८७.५ मीटरवर. खाली पत्र्याची छपरं, वाळत घातलेले कपडे, लांबवर ओसाकाचा किल्ला. बहुतेकांची पाठ मात्र खिडकीकडे! सगळे बिलिकेनच्या रांगेत. टोकदार डोक्याचा, मिचमिच्या डोळ्यांचा, पाय पसरून बसलेला हा देव मूळचा अमेरिकन; १९०८ साली तिथल्या एका चित्रकार बाईंनी घडवलेला. तळवे चोळले की इच्छा पुरी होते म्हणतात. आधीच्या मूर्तीच्या तळव्यांना चोळून चोळून खळगे पडले होते, म्हणून २०१२ साली नवी बसवली. माझ्यापुढच्या आजीबाईंनी दोन्ही तळवे असे रगडले की जणू नातवाला तेल लावतायत.

संध्याकाळी खाली एका टपरीवजा दुकानात कुशिकात्सु खाल्लं. काडीला टोचून तळलेले तुकडे, सामाईक सॉसच्या भांड्यात एकदाच बुडवायचे. उष्टं दुसऱ्यांदा बुडवलंत तर मालक ओरडतो. ओरडला. चूक माझीच होती.

मनोऱ्याच्या टोकाला दिवा आहे, तो हवामान सांगतो. पांढरा म्हणजे निरभ्र, नारिंगी म्हणजे ढगाळ, निळा म्हणजे पाऊस. खिशात फोन होता, तरी मालकानं दाराबाहेर येऊन मान वर केली, दिवा पाहिला आणि बाहेरची लाकडी स्टुलं एकात एक घालून आत ओढून घेतली. दिवा निळा होता.