दहावीचा पेपर आणि लाल मोर्चा

११ मार्च २०१८, रविवार. मुंबईत चुनाभट्टीजवळच्या सोमय्या मैदानावर लाल टोप्या घातलेली हजारो शेतकरी-आदिवासी माणसं टेकली आहेत. सहा तारखेला नाशिकहून निघालेली. कसारा घाट, शहापूर, भिवंडी, ठाणे करत सुमारे १८० किलोमीटर पायी आलेली. त्यांच्या पायांकडे पाहा. टाचा फाटल्यात, तळव्यांचे फोड फुटलेत. कुणाची चप्पल वाटेतच तुटली, पुढचं अंतर तापलेल्या डांबरावर अनवाणी.

सोमवारी विधानभवनाला घेराव घालायचं ठरलेलं. पण सोमवारी दहावीचा पेपर होता. एवढा मोर्चा सकाळी रस्त्यावर आला, तर पोरं परीक्षेला पोचणार कशी? दिवसभर चाललेली ही माणसं मध्यरात्रीनंतर पुन्हा उठली. दुखत्या पायांनी, झोपलेल्या वस्त्यांमधून चालत, उजाडायच्या आत आझाद मैदानात येऊन बसली. मुंबईकर पाणी, खाणं, चपला घेऊन धावले.

त्या रात्रीच्या समंजसपणाचं खूप कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण इतकी दमलेली माणसं एका शब्दावर उठतात, हे कुठून येतं?

पोटात राग आहे म्हणून कुणी सहा दिवस चालत नाही. त्यासाठी गावात बैठका व्हाव्या लागतात. घरटी धान्य गोळा व्हावं लागतं, ते टेम्पोत चढावं लागतं, मुक्कामाला चुली पेटाव्या लागतात. मागे राहिलेल्या गुराढोरांकडे, लेकरांकडे कुणीतरी बघावं लागतं. आंदोलन उभं राहतं ते या कामांवर, आणि कॅमेरा तिथे क्वचितच पोचतो.

मोर्चा किसान सभेचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या डाव्या संघटनेचा होता. या संघटनेची मुळं पालघर-नाशिकच्या भागात जुनी आहेत. मे १९४५मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या झरी गावात वारली आदिवासी एकत्र आले आणि त्यांनी वेठबिगारीला नकार दिला. किसान सभेचं कार्यकर्तं जोडपं, गोदावरी आणि शामराव परुळेकर, त्यांच्यात राहून काम करत होतं. सावकार-जमीनदारासमोर मान वर करायला शिकलेल्या त्या पिढीची नातवंडं आज पालघर-नाशिकच्या डोंगरांत आहेत. २०१६च्या मार्चमध्ये नाशिकच्या सीबीएस चौकात किसान सभेने मोठा मुक्काम ठोकला होता, या मोर्चावेळी त्यालाही दोनच वर्षं झाली होती.

मागण्यांत कर्जमाफी होती, हमीभाव होता. आदिवासींच्या जिव्हाळ्याची मागणी मात्र वनजमिनीची. २००६चा वनहक्क कायदा सांगतो, की १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून आदिवासी कसत असेल, तर चार हेक्टरपर्यंतची ती जमीन त्याच्या हक्काची. पट्टा, म्हणजे त्या हक्काचा कागद, नवरा-बायको दोघांच्या नावे. मोर्चात इतक्या बाया का होत्या, याचं एक उत्तर इथे आहे: नांगरामागे त्याही चालतात, पण कागदावर त्यांचं नाव पहिल्यांदाच येणार होतं. प्रत्यक्षात दावे वर्षानुवर्षं पडून राहिले, कित्येक फेटाळले गेले. काहींना पट्टा मिळाला, तो कसत असलेल्या जमिनीच्या एका छोट्या तुकड्यापुरताच.

१२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिलं. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. माणसं रेल्वेने घरी परतली.

२०१९च्या फेब्रुवारीत ती पुन्हा नाशिकहून निघाली. मार्च २०२३मध्ये दिंडोरीहून आणखी एकदा, त्या वेळी ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदपर्यंत. तीच लाल टोपी, तोच रस्ता, आणि मागण्यांत तीच वनजमीन.