बटईचा सिनेमा

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडे ज्यांची संत्र्याची बाग आहे, त्यांना आजचा विषय माझ्याआधी कळेल. आंबिया बहाराची फळं अजून हिरवी, लिंबाएवढी असतात, तेव्हाच व्यापारी बागेत येतो. ओळींमधून फिरतो, दोन-चार झाडांच्या फांद्या वाकवून बघतो, मनातल्या मनात आकडा बांधतो आणि झाडावरच्या मालाचा सौदा करून विसार देऊन जातो. फळ पिकलेलं नाही, तोडलेलं नाही. पुढे गारपीट होईल की फळगळ, कोणालाच ठाऊक नाही. तरी पैसा हातात येतो आणि त्यातून खत-फवारणी निघते.

स्वतंत्र सिनेमाचा पैसा साधारण असाच उभा राहतो. न झालेल्या सिनेमाचे हक्क एखाद्या देशातल्या वितरकाला आगाऊ विकायचे, याला धंद्यात प्री-सेल म्हणतात. आणि सहनिर्मिती, म्हणजे को-प्रॉडक्शन, ती तर सरळसरळ बटई. जमीन एकाची, बैलजोडी दुसऱ्याची, बियाणं कोणी घालायचं ते आधी ठरवायचं आणि खळ्यावर वाटे पाडायचे. मी गेली काही वर्षं एका मराठी सिनेमासाठी परदेशात असा बटईदार शोधतोय. नागपूरच्या सीताबर्डीवर चहा पिताना मित्र विचारतात, "पैसा फॉरेनवाल्याचा अन् बोली वऱ्हाडी? त्याले कायले पाहिजे बे हे?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की युरोपात काही निधी नेमके याचसाठी आहेत. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या महोत्सवाचे संस्थापक ह्यूबर्ट बाल्स १९८८ साली गेले, त्यांच्या नावाचा निधी तेव्हापासून आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या सिनेमांना हात देतो. पटकथेच्या टप्प्यावर या निधीची मदत दहा हजार युरोंची, म्हणजे आपले दहा लाखांच्या आसपास. बर्लिनच्या महोत्सवाचा वर्ल्ड सिनेमा फंड २००४ पासून आहे. फ्रान्सच्या सीएनसी या सरकारी संस्थेचाही जगभरच्या सिनेमांसाठी निधी आहे. या मंडळींना मुंबईचा मोठा सिनेमा नको असतो, तो आपला आपण उभा राहतो. त्यांना हवी असते ती एका गावाची, एका माणसाची गोष्ट, जी दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

आणि मराठीचं खातं इथे रिकामं नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'च्या पटकथेला ह्यूबर्ट बाल्स निधी मिळाला होता. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्या सिनेमाने दोन पुरस्कार आणले. पण सिनेमा बनला तो अभिनेते-निर्माते विवेक गोम्बर यांच्या पैशावर. माझ्या मते त्या निधीचं खरं मोल रकमेत नव्हतंच. कोणीतरी आधी विश्वास टाकलाय, हा शिक्का महत्त्वाचा. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५ साली अमेरिकेत सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं. त्या मराठी सिनेमाच्या निर्मितीत भारताबरोबर ब्रिटन आणि कॅनडाही आहेत. २०२४ साली पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' या सिनेमाला फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्रां प्री हे मोठं पारितोषिक मिळालं, तोही फ्रान्ससह अनेक देशांच्या भागीदारीतला. गंमत म्हणजे त्या वर्षी ऑस्करसाठी भारताने दुसराच सिनेमा पाठवला, पण फ्रान्सने मात्र हा आपल्या विचारातल्या यादीत घेतला होता. मुंबईतल्या नर्सांची गोष्ट, आणि तिला माहेरं दोन!

आता माझी फजिती सांगतो. दर नोव्हेंबरात गोव्याला इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. त्याच्या जोडीला २००७ पासून एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बझार भरतो. तिथे एका टेबलाशी दोन खुर्च्या, समोर परदेशी निर्माता आणि घड्याळ. वेळ संपली की पुढच्याचा नंबर. पहिल्या वर्षी मी अशाच एका युरोपियन निर्मातीबाईंसमोर बसलो आणि कथा सांगत सुटलो. कथा चांगली रंगली. बाई डोळे मोठे करून ऐकत होत्या. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या घरून किती?"

म्हणजे एकूण खर्चातला किती पैसा भारतातून उभा झालाय? मी म्हणालो, "तुम्ही आधी द्या, मग इकडचे देतीलच." बाईंनी फाइल हळूच मिटली आणि नागपूरला उन्हाळा फार असतो का, असं विचारलं. सौदा मोडल्याची खूण मी तिथे शिकलो. रिकाम्या शेतावर बटईदार येत नाही, घरचं थोडं तरी बियाणं पेरलेलं दिसावं लागतं.

हे बियाणं आणायचं कुठून? राज्य शासनाचं मराठी सिनेमाचं अनुदान सिनेमा पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन मिळतं. म्हणजे ते पिकावरचं, पेरणीचं नव्हे. अशा वेळी मला गडचिरोलीकडच्या वडशाच्या झाडीपट्टी नाटक कंपन्या आठवतात. दिवाळीनंतर गावोगावची मंडळं शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, आणि मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या निमित्ताने नाटक ठरवतात, कंपनीशी ठेका करतात, तिकीट विकायची जोखीम मंडळाची. कुठला निधी नाही, कुठला अर्ज नाही, आणि पडदा रोज रात्री वर जातो. हे गणित सिनेमाला जसंच्या तसं लागू होणार नाही, पण आम्ही दहा-बारा ओळखीच्यांकडून लहान लहान वाटे घेतले ते त्यांचंच पाहून.

दुसरी चूक मी केली ती निधीच्या दारात एकट्याने जाण्याची. बर्लिनच्या निधीला जर्मन निर्माता सोबत लागतो, फ्रान्सच्या निधीला फ्रेंच. नुसत्या दिग्दर्शकाच्या नावावर पैसा येत नाही. आणि फ्रान्सचा पैसा बराचसा फ्रान्समध्येच खर्चावा लागतो. मग आवाजाचं मिक्सिंग, रंगांचं काम तिकडे. आमच्या गावातल्या कावळ्यांचा आवाज पॅरिसच्या स्टुडिओत कमी-जास्त होणार! माझी त्याला हरकत नाही. मात्र शेवटची काटछाट कोणाच्या हातात आणि संवादांची भाषा कोणती, ही दोन कलमं मी कोणाला सोडणार नाही.

सरकारी बाजू थोडक्यात सांगतो. फ्रान्सशी १९८५ पासून, नंतर ब्रिटन, जर्मनी, कॅनडा अशा बऱ्याच देशांशी भारताचे सहनिर्मितीचे करार आहेत. करारात बसणारा सिनेमा दोन्ही देशांत घरचाच धरला जातो. केंद्राने २०२३ साली परदेशी निर्मितींच्या भारतातल्या खर्चावर ४० टक्क्यांपर्यंत, कमाल ३० कोटी रुपये परतावा जाहीर केला. पण परतावा म्हणजे आधी खर्च, मग पैसे. लहान निर्मात्याने त्यावर फार विसंबू नये. आणि "परदेशी फायनान्स आणून देतो, आधी फाइलचे पन्नास हजार भरा" म्हणणारा भेटला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. माझ्या एका मित्राने भरले होते. तो माणूस आता फोन उचलत नाही.

सध्या माझं घोडं अडलंय ते सातबाऱ्यावर. परदेशी वकील याला चेन ऑफ टायटल म्हणतात. कथा मूळ कोणाची, त्याच्याकडून माझ्याकडे कशी आली, त्याचा प्रत्येक कागद हवा. माझा सिनेमा नरखेडकडच्या एका लेखकाच्या जुन्या कथेवर आहे. ते होते तेव्हा म्हणाले होते, "घे ना बापा, तुह्यीच कथा आहे." या वाक्यावर मी दोन वर्षं पटकथा लिहिली. आता समोरच्या निर्मात्याचा ईमेल आला, की हे वाक्य कागदावर कुठे आहे? लेखक वारले. वारस तिघं. थोरल्याने नागपुरातच सही दिली, धाकट्याने पटकथा वाचायला मागितली आणि एका पात्राचं नाव बदलायला लावलं. बदललं.

तिसरी वारस म्हणजे त्यांची बहीण, ती छिंदवाड्याला असते. फोनवर म्हणाली, "सही करीन, पण कागद आधी मले वाचून दाखवायचा, मराठीतच. अन् येताना संत्रा बर्फी आणजो."

रविवारी सकाळच्या बसने निघतोय.

नमस्कार.