दोन कुलपांची बेडी

(काळा पडदा. फक्त आवाज.)

कर्र... कर्र... कर्र. पोलिसांच्या हातकडीचे दाते सरकतानाचा हा आवाज.

‘आरोपीला बेड्या ठोकल्या’ हे वाक्य आपण बातम्यांत रोज वाचतो. त्यातलं ‘ठोकणं’ लोहार हातोडीने कैद्याच्या पायातली बेडी पक्की करायचा, त्या काळचं आहे. आजची हातकडी ठोकावी लागत नाही. मनगटावर दाबली, की तिची कमान गर्रकन फिरते आणि पलीकडून येऊन आपल्या दात्यांनी अडकते. ही रचना अमेरिकेतली, तिचं पेटंट १९१२ सालचं. दात्यांमुळे मापात बसणारी हातकडी त्याच्या आधीची, १८६२ सालची. तोवर एकाच मापाचं कडं असायचं. बारीक मनगट त्यातून निसटायचं आणि जाड मनगट त्यात मावायचंच नाही.

(जवळून दृश्य : उघडलेली हातकडी)

आत पाहा. स्प्रिंगवर बसलेली ही छोटी खिट्टी कमानीचे दाते पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. म्हणजे हातकडी किल्लीशिवाय सैल होत नाही, पण घट्ट मात्र कितीही होऊ शकते. गाडीत माणूस मागे बांधलेल्या हातांवर रेलून बसला, की एकेक दाता पुढे सरकतो. अंगठ्याकडची मज्जातंतू तिथे कातडीच्या अगदी खालून जाते. ती दाबली गेली, की हाताच्या मागच्या बाजूला बधिरपणा येतो. कधी कधी तो कित्येक आठवडे टिकतो.

म्हणूनच या हातकडीला दुसरं कुलूप असतं. किल्लीच्या टोकाला आलेली ही बारीक दांडी पाहा. तिने कळ आत ढकलली, की खिट्टी जागच्या जागी जखडते. मग कमान सैलही होत नाही आणि आवळतही नाही. मला या सगळ्या यंत्रात ही कळ सर्वांत मोलाची वाटते. मनगट आणि कड्यामध्ये बोटाचं टोक जाईल एवढी जागा ठेवायची आणि लगेच ती दाबायची. दोन सेकंदांचं काम आहे.

(दृश्य : सर्वोच्च न्यायालय)

१९८० साली दिल्लीतल्या एका कच्च्या कैद्याची तार सर्वोच्च न्यायालयात पोहोचली : मला बेड्या घालून नेतात. तेव्हाच्या नियमांत प्रतिष्ठित कैद्यांना सवलत होती, गरिबांना नव्हती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने हा भेद मोडून काढला. सरसकट बेडी घालणं अमानुष आहे, आणि घालावीच लागली तर कारण लेखी नोंदवून न्यायालयाला कळवावं, असं त्यांनी ठरवून दिलं. १९९५ मध्ये न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीची अटही घातली.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे अटक आणि तपासाची पद्धत ठरवणाऱ्या नव्या कायद्यात, बेडीचं नाव प्रथमच थेट आलं. कलम ४३ नुसार सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेले, खून, बलात्कार, दहशतवाद अशा गंभीर गुन्ह्यांतले आरोपी यांना पोलीस बेडी घालू ‘शकतात’. घातलीच पाहिजे, असं कलम म्हणत नाही.

(दृश्य : न्यायालयाचा व्हरांडा)

अटकेनंतर चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं. बेडी का घातली, हे तिथे विचारता येतं. मनगटावर वळ असतील, तर तेही तिथेच दाखवावेत.