ताई, हाड पोटात ठेवलंय

रामराम मंडळी. सोयाबीन निघायचे दिवस आहेत, रात्री-बेरात्री शेतातून गाडीवर येणं-जाणं चालू आहे सगळ्यांचं, म्हणून आज मुद्दाम बोलायला आलो. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत माझा भाचा हिंगणघाटकडून गावी येत होता, हेल्मेट घरी खुंटीला, आणि रस्त्यात रानडुक्कर आडवं आलं. लोक धावले, चांगले मनाचे लोक, पण कोणी तोंडात पाणी ओतलं, कोणी कांदा हुंगवला, दोघांनी हातपाय धरून उचललं आणि छोट्या हत्तीत टाकलं. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका हो. ते फुफ्फुसात जाते, श्वास कोंडतो, आणि मार लागलेल्या मेंदूला त्या घडीला ऑक्सिजनच पाहिजे असतो. १०८ ला फोन करा, मान हलू देऊ नका.

नागपूरला पोचलो तर डॉक्टर म्हणाले ग्लासगो स्कोअर ६ आहे. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का हे पाहून ३ ते १५ मध्ये हा आकडा देतात, ८ किंवा त्याच्या खाली म्हणजे गंभीर. सीटी स्कॅनमध्ये मेंदू सुजलेला. आता सूज म्हटलं की आपल्याला वाटते, पाय सुजते तशी, उतरेल दोन दिवसांत. पण पायाला फुगायला जागा आहे, मेंदूला नाही. पितळी डब्यात हरबरा गच्च भरा, पाणी ओता आणि झाकण घट्ट लावून ठेवा, दाणा फुगून फुगून जाईल कुठं? कवटीत तेच होते. आतला दाब वाढला की रक्त वर चढत नाही, रक्त नाही म्हणून सूज अजून वाढते, आणि शेवटी मेंदू खालच्या भोकाकडे सरकतो, जिथं श्वास चालवणारा भाग असतो. तो दाबला गेला की संपलं.

आधी औषधांनी प्रयत्न झाला. व्हेंटिलेटर, झोपेचं इंजेक्शन, पलंगाची डोक्याकडची बाजू वर, सूज उतरवणारं मॅनिटॉल नावाचं औषध, जास्त मिठाचं सलाईन. कवटीतला दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, साधा १५ च्या आत असतो, २२ च्या वर गेला की डॉक्टर कामाला लागतात, याचा उतरूनच नाही राहिला. मग म्हणाले कवटीचं हाड काढावं लागेल, सही करा. छोटं भोक नाही, निदान १२ बाय १५ सेंटीमीटरचा तुकडा, म्हणजे हाताच्या पंज्याएवढा, आणि आतला पडदाही उघडून सैल करायचा म्हणजे मेंदूला बाहेरच्या अंगाला फुगायला जागा मिळते.

मी विचारलं, वाचेल ना? हा प्रश्न अर्धाच होता, हे मला फार उशिरा कळलं. पुढचा अर्धा, वाचला तर कसा राहील, तो तिथं कोणीच विचारला नाही. २०१६ मध्ये या ऑपरेशनचा मोठा अभ्यास छापून आला, ४०० च्या वर पेशंट, दाब औषधांनी न उतरलेले. सहा महिन्यांत नुसत्या औषधांवरचे १०० मागे ४९ गेले, हाड काढलेल्यांतले २७. म्हणजे जीव वाचतात, खरंच वाचतात. पण डोळे उघडे आणि ओळख काहीच नाही अशा अवस्थेत राहिलेले २ वरून ८-९ वर गेले. आणि वर्षभरानंतर पाहिलं तर घरातल्या घरात तरी आपलं आपण करू शकणारे ऑपरेशनवाल्यांत ४५, औषधवाल्यांत ३२. त्याआधी २०११ च्या एका अभ्यासात घाईनं, दाब थोडा वाढल्याबरोबर ऑपरेशन केलं तर फायदा दिसला नव्हता, उलट अपंगत्व जास्त. म्हणून डॉक्टर थांबत असले तर दरवेळी टाळाटाळ नसते ती, भांडायला उठू नका, आधी विचारा. मी आजही सही करीन. पण ताईला बाजूला बसवून दोन्ही गोष्टी आधी सांगीन.

दुसऱ्या दिवशी ताईनं पोटावरची पट्टी पाहिली आणि माझा दंडच धरला, "काहून रे भाऊ, पोट काहून फाडलं याचं? किडनी तर नाही ना काढली?" सिस्टरनं समजावलं की बाई, डोक्याचं हाड पोटाच्या कातडीखाली ठेवलंय, तिथं ते जपून राहते, सूज उतरल्यावर परत बसवायचं. काही दवाखान्यांत डीप फ्रीजरमध्ये ठेवतात. आम्हाला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि ताईनं ती रात्र कशी काढली ते मी पाहिलंय, म्हणून तुम्हाला सांगून राहिलो.

घरी आणलं तेव्हा उजव्या बाजूला डोकं मऊ. खोकला की फुगायचं, उठून बसला की खड्डा पडायचा, आणि शांत झोपला असला की कातडीखाली नाडीबरोबर हलताना दिसायचं. त्या कुशीवर झोपवायचं नाही, घरातल्या घरात चालतानाही हेल्मेट. चार महिन्यांनी हाड बसवलं. काहींचं हाड विरघळते किंवा त्यात पू होतो, मग टायटॅनियम लावतात, याचं आपलंच बसलं.

डावा हात अजून कमजोर आहे, नांगर धरत नाही, राग लवकर येतो, नावं विसरतो. बैलांचं सगळं करतो पण. फिटची गोळी चालू आहे, रात्री नऊला, मी फोन लावला की आधी तेच विचारतो.