गजाचं लाकूड

मंडळी, व्हायोलिनवर बोलायला उभा राहिलो की सगळे व्हायोलिनकडे बघतात. आज माझ्या उजव्या हाताकडे बघा. हा गज, म्हणजे घोड्याचे केस ताणून बसवलेली, तारांवर फिरवायची काठी. लांबी पाऊण मीटरला किंचित कमी, वजन साठेक ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याइतकं. मागच्या श्रावणात एक बाई मुलाला घेऊन दुरुस्तीला आल्या होत्या. नव्या चांगल्या गजाची किंमत सांगितली तर म्हणाल्या, "एका काठयेक इतके पैसे?" उत्तर लांबचं होतं आणि बाहेर पाऊस मी म्हणत होता. तेच आज सांगतो.

या लाकडाचं नाव पेर्नाम्बुको. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरचं झाड, 1978 पासून त्या देशाचा राष्ट्रीय वृक्ष. गंमत 'ब्राझील' या नावात आहे. आपल्याकडचे जुने रंगारी आणि वैद्य 'पतंग' नावाचं लाल लाकूड वापरायचे. केरळात अजून ते पाण्यात उकळून गुलाबी पाणी पितात. आशियातून युरोपात जाणाऱ्या या लाकडाला तिकडे ब्राझील म्हणत. 1500 साली पोर्तुगीज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लागले, तिथे तसंच लाल लाकूड दिसलं आणि पुढे अख्ख्या देशालाच ते नाव चिकटलं. त्याच पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात काजू गोव्यात उतरला. वेंगुर्ल्याच्या कातळावर आपण ज्याला आपला म्हणतो, तो काजू मूळचा ईशान्य ब्राझीलच्या किनाऱ्याचा. तो इथे फोफावला, आणि त्याचा तिकडचा हा शेजारी संपत आला.

संपवला कोणी? सगळा दोष गज बनवणाऱ्यांवर टाकणं मला पटत नाही. तीनशेहून अधिक वर्षं हे लाकूड रंगासाठी जहाजं भरभरून गेलं. मग ऊस आला, कॉफी आली, शहरं वाढली. ते किनारी जंगल आज मूळच्या एक दशांशाच्या आसपास उरलंय. गजाला लागणारं लाकूड त्या मानाने चिमूटभर. पण रान संपत आलं की चिमूटही मोजावी लागते, आणि गज बनवणारा लाकडाची उधळण करतो हेही खरं आहे. सरळ रेघेचं, म्हणजे तंतू सरळ गेलेलं, गाठ नसलेलं, ताठ लाकूडच त्याला चालतं. बाकीचं भुशात जातं.

मग हेच लाकूड का? पॅरिसचा फ्रांस्वा झाव्हिए टूर्त, आधी घड्याळं बनवायला शिकलेला माणूस. अठराव्या शतकाच्या शेवटी त्याने गजाला आजचा आकार दिला. काठी आतल्या बाजूला वाकलेली हवी. पण तो बाक तासून काढायचा नसतो. तासला तर रेघा तुटतात आणि काठी मोडते. काठी सरळ काढायची, धगीवर धरायची, आतपर्यंत तापली की हळूहळू वाकवायची आणि थंड होईतो धरून ठेवायची. पेर्नाम्बुको दिलेला बाक सोडत नाही, आणि कंपनं जिरवून टाकत नाही. तासताना निघालेला भुसा पाण्यात टाकलात तर पाणी लाल होतं. रंगाऱ्यांचं झाड आहे, खोड जायची नाही.

मी आपल्या लाकडांचेही गज करून पाहिले. शिसवीचे दोन, खैराचा एक. शिसवी सारंगीला शोभते, कारण सारंगीचा गज मुळात जाडजूड आणि वजनदार. व्हायोलिनवर तो नांगरासारखा चालला. खैराचा गज सध्या आमच्या घरी खिडकीचा पडदा धरून आहे.

आता किमतीचं. 2007 साली हे झाड, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेलं. कच्चं लाकूड देशाबाहेर न्यायला परवाने लागू लागले. 2022 मध्ये ब्राझीलने त्याला पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात टाका अशी मागणी केली. ती तेव्हा मान्य झाली नाही, पण ब्राझीलमधून बाहेर जाणारे तयार गजही नियमांत आले. त्यामुळे कारागिरांची मदार जुन्या साठ्यावर. ज्याच्या माळ्यावर वाडवडिलांनी रचलेल्या पट्ट्या आहेत तो राजा. चोरट्या तोडीचं लाकूडही फिरतं, आणि तिकडच्या यंत्रणांनी ते पकडलंही आहे. लागवड सुरू आहे, आपण पोफळीखाली मिरी-जायफळ लावतो तशी बाहिया प्रांतात कोकोच्या बागांत ही झाडं लावतात. पण गजाजोगं खोड व्हायला काही दशकं जातात.

म्हणून त्या बाईंना मी कार्बन फायबरचा गज घ्यायला सांगितला. काही जुने वादक नाक मुरडतात. माझं मत उलट आहे. आपलं वाजवणं गायकी अंगाचं, गाण्यासारखं. गजाननबुवा जोशी, डी. के. दातार, प्रभाकर जोग यांचं वादन आठवा: गजाच्या एकाच ओढीत लांब मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तुटू न देता. पाश्चात्त्य वादक गज तारेवर उड्या मारायला लावतो, तिथे काठीच्या अंगच्या उसळीचा कस लागतो. आपल्याला हवा सरळ, समतोल गज. तो शिकणाऱ्या पोराला कार्बनमध्ये मिळतो, आणि आपल्या हवेत तो वाकतही नाही. स्वस्तातल्या गजावर 'ब्राझीलवुड' छापलेलं असेल तर भुलू नका. त्या नावाखाली भलतीच लाकडं विकली जातात.

अस्सल जुना गज मात्र ज्यांच्या घरी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. पावसाळ्यात दमटपणाने घोड्याचे केस सैल पडतात, आपण स्क्रू आवळतो, वाजवतो आणि तसाच पेटीत ठेवतो. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, केस आखडतात, काठी ताणाखाली तशीच राहते. चांगल्या गजाचा बाक असा गेलेला मी कितीदा पाहिलाय, आणि तो परत आणणं जोखमीचं काम आहे. केस मात्र बदलता येतात. दीडशे-दोनशे केसांची जुडी, एका बैठकीचं काम. केस गेले म्हणून गज फेकणारेही भेटलेत मला, त्यांना काय म्हणायचं!

ज्यांनी आपापले गज आणलेत त्यांनी आता पुढे या. पण आधी पेटी उघडा आणि स्क्रू सैल करा. मागे बसलेत ना निळ्या शर्टवाले, तुम्हीसुद्धा.