आपले जंतू तिकडे गेले तर?

[मंगळाची लालसर, दगडगोट्यांनी भरलेली जमीन. लहान मुलीचा आवाज.]

"मंगळावर कोणी राहतं का?"

प्रश्न सात वर्षांच्या मुलीचा. आपण मोठी माणसं "नाही गं" म्हणून मोकळे होतो. खरं तर म्हणायला हवं, "अजून सापडलेलं नाही." या दोन उत्तरांत किती फरक आहे, ते मुलांना लगेच कळतं. कारण पुढचा प्रश्न तयारच असतो.

"मग शोधलं कसं?"

२० जुलै १९७६. नासाचं व्हायकिंग १ हे यान मंगळावर उतरलं. दीड महिन्याने त्याचं जुळं भावंड, व्हायकिंग २. दोघांच्याही पोटात एक छोटी प्रयोगशाळा होती. यांत्रिक हाताने थोडी माती उचलली, ती एका बंद कुपीत पडली आणि तिच्यावर पोषक द्रवाचा थेंब सोडला गेला. या द्रवातल्या कार्बनला किरणोत्सारी खूण केलेली होती. मातीत एखादा सूक्ष्मजीव असेल, तर तो हे खाईल आणि वायू सोडेल. वायूत तो खुणेचा कार्बन दिसला, की समजायचं, कोणीतरी जेवलं.

आणि वायू आला! मग मातीचा दुसरा नमुना घेऊन तो आधी १६० अंशांपर्यंत तापवला आणि त्यावर तोच द्रव टाकला. या वेळी जवळजवळ काहीच नाही. जंतू मेल्यावर व्हावं, अगदी तसंच.

एवढ्यावर जल्लोष व्हायला हरकत नव्हती. पण त्याच यानातलं दुसरं उपकरण मातीत सेंद्रिय पदार्थ शोधत होतं, आणि मंगळाचेच म्हणता येतील असे पदार्थ त्याला मिळाले नाहीत. जेवणारा आहे, पण त्याच्या शरीराचा मागमूस नाही, हे कसं? बहुतेक शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला, की हा मातीतल्या रसायनांचा खेळ असावा. प्रयोगाचे प्रमुख गिल्बर्ट लेव्हिन यांना ते कधीच पटलं नाही. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर ते आपल्या निकालाची बाजू मांडत राहिले.

[फीनिक्स यानाने खणलेला चर.]

गंमत पुढेच आहे. २००८ साली फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट नावाचे क्षार सापडले. हे क्षार तापले, की सोबतचे सेंद्रिय पदार्थ जळून जातात. आणि व्हायकिंगचं ते उपकरण माती तापवूनच तपासत होतं! म्हणजे जे शोधायचं, तेच शोधताना जाळून टाकलं असण्याची शक्यता आहे. त्यामुळे जीवसृष्टी सिद्ध होत नाही, पण "नाही गं" म्हणण्यातला ठामपणा मात्र जातो.

तेव्हापासून शास्त्रज्ञ सावध झालेत. २०२४ मध्ये पर्सिव्हरन्स रोव्हरला जेझेरो विवराजवळ, जिथून कधीकाळी नदी वाहत होती तिथे, बिबट्यासारखे ठिपके असलेला एक खडक सापडला. पृथ्वीवर अशा ठिपक्यांमागे अनेकदा सूक्ष्मजीव असतात. तरी २०२५ च्या शोधनिबंधात शब्द जपून वापरलेत: जीवसृष्टीची संभाव्य खूण.

[निर्जंतुक खोली. नखशिखान्त पांढऱ्या पोशाखातले तंत्रज्ञ.]

"आणि आपले जंतू तिकडे गेले तर?"

माझ्या मते हा सगळ्यांत अवघड प्रश्न. आपणच नेलेला जंतू मंगळावर सापडला, तर तो तिथला की आपला, हे ठरवायचं कसं? आणि तिथे खरंच कोणी असेल, तर आपला पाहुणा त्याच्या जिवावर उठायचा. १९६७ च्या अवकाश करारातच देशांनी मान्य केलंय, की दुसऱ्या ग्रहगोलांवर घातक संसर्ग होऊ द्यायचा नाही. व्हायकिंगची दोन्ही याने निघण्यापूर्वी ११० अंशांहून अधिक तापमानात सुमारे ३० तास भाजून काढली होती, ती याचसाठी.

पण जंतूही चिवट असतात. फीनिक्सची जुळणी झाली, त्या निर्जंतुक खोलीत एक असा जिवाणू मिळाला, जो तोवर कोणाला ठाऊकच नव्हता. नंतर तो दक्षिण अमेरिकेतल्या दुसऱ्या एका यानकेंद्राच्या तशाच खोलीत सापडला. खायला जवळजवळ काही नसलेल्या जागी हा बिऱ्हाड थाटून बसलेला!

नासामध्ये ग्रह-संरक्षण अधिकारी असं एक खरंखुरं पद आहे. २०१७ मध्ये त्याची जाहिरात निघाली, तेव्हा चौथीतल्या नऊ वर्षांच्या मुलाने अर्ज पाठवला. "माझी बहीण म्हणते, मीही परग्रहवासीच आहे," हे त्याच्या पात्रतेतलं एक कारण. नासाने त्याला रीतसर उत्तर पाठवलं.

[शनी. एन्सेलॅडसच्या दक्षिण ध्रुवावरून उडणारे फवारे.]

शनीचा चंद्र एन्सेलॅडस. व्यास जेमतेम ५०० किलोमीटर. २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवावरून पाण्याचे फवारे उडताना दिसले. खाली समुद्र आहे. कॅसिनी त्या फवाऱ्यांमधूनच उडत गेलं. पाण्यात मीठ मिळालं, हायड्रोजन मिळाला, आणि पुढे त्याच्या नोंदी पुन्हा चाळताना फॉस्फरसही. पृथ्वीवरच्या समुद्रतळाशी, उन्हाचा किरण पोहोचत नाही अशा जागी, हायड्रोजनवर जगणारे सूक्ष्मजीव आहेतच.

१३ वर्षं शनीभोवती फिरल्यावर कॅसिनीचं इंधन संपत आलं. तसंच सोडलं असतं, तर ते भरकटून कधीतरी एन्सेलॅडसवर आदळू शकलं असतं. म्हणून १५ सप्टेंबर २०१७ ला त्याला मुद्दाम शनीच्या वातावरणात लोटून जाळलं. गुरूपाशी गेलेल्या गॅलिलिओ यानाची अखेरही २००३ मध्ये अशीच झाली होती, युरोपा या चंद्राला जपण्यासाठी.

[युरोपाचा भेगाळलेला बर्फ.]

त्या युरोपाकडे आता युरोपा क्लिपर निघालंय. १४ ऑक्टोबर २०२४ ला उड्डाण, २०३० मध्ये गुरूपाशी. युरोपाच्या बर्फाखाली पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट पाणी असावं, असा अंदाज आहे. यान उतरणार नाही. युरोपाच्या जवळून ४९ फेऱ्या मारेल आणि तिथे जगता येईल का, एवढंच तपासेल.

"मग त्या यानाला शेवटी कुठे टाकणार?"

सध्याची योजना आहे, गुरूच्याच गॅनिमीड या चंद्रावर.

"तिथे कोणी नाही, हे कोणी बघितलंय?"

कोणीच नाही. उलट, २०१५ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून गॅनिमीडच्या पोटातही समुद्र असल्याचा भक्कम पुरावा मिळाला. पण तो सुमारे १५० किलोमीटर जाड कवचाखाली, म्हणून तिथवर आपलं काही पोहोचणार नाही, असा हिशेब आहे. जवळून पाहायला युरोपीय ज्यूस यान २०२३ मध्येच निघालंय. २०३४ च्या अखेरीस ते गॅनिमीडभोवती फिरू लागेल, आणि काम संपल्यावर तेही गॅनिमीडवरच आदळणार आहे.

हे तिला अजून सांगितलेलं नाही.